वाचते आहे

शालिमारच्या मागे, झेरॉक्सच्या डोक्यावर माझं दुकान.
वेदांग गायधनीने खिशातून किल्ल्यांसोबत
एसएसडी काढली. "कालपर्यंत नीट होती, यास्मिनताई."
सगळे हेच म्हणतात.

जुनी डिस्क जाण्याआधी टकटक करायची,
चार दिवस घर डोक्यावर घ्यायची.
हिच्या पोटात फिरणारं काहीच नाही.
केबल बदलली, पोर्ट बदललं, तोच खोळंबा.
रिपोर्ट काढला: राखीव जागा शून्य.
एक रिकामी फाइल टाकून पाहिली, घेईना.
म्हणजे हिने लिहून घेणं सोडलंय.

आत रामकुंडावरच्या वह्यांचे फोटो.
कोण कुठून आलं, कुणाच्या अस्थी घेऊन,
खाली सही, नाहीतर अंगठा.

"वाचेल ना?"
"वाचतेय अजून. म्हणून वाचेल.
फक्त आता तिला झोपवायचं नाही,
परत उठेल याची हमी कोण देणार?"

रात्रभर कॉपी. द्वारकेवर ट्रकांचे हॉर्न,
मी टक्का टक्का मोजत, डबा थंडगार.
पहाटे अकरा फोटो अडले.
पुन्हा पुन्हा मागितले, नाही दिले.
त्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवले.

दुपारी त्याचा फोन:
"मूळ पानं सापडली, अकराच्या अकरा.
पण मोडी आहे, ताई. काका वाचायचे.
मला ओ की ठो कळत नाही."

"न कळू दे," मी म्हटलं,
"खिडकीपाशी ने, उजेडात धर, फोटो काढ.
आणि या वेळी दोन ठिकाणी ठेव."