हिमोग्लोबिन कमी

मारबतीच्या दिवशी शिबिर ठेवायला नको होतं.
पहाटेपासून पोरं गल्लीगल्लीत ओरडत फिरली,
खोकला-खरूज, ताप-तिजारी घेऊन जा गे मारबत!
आणि आता त्यातलीच मोठी पोरं रांगेत,
बाह्या दुमडून, उगीच हसत.

शाळेच्या खिडकीत कालच्या तान्ह्या पोळ्यातला
एक लाकडी बैल राहून गेलाय, चाक निखळलेला.
त्याच्या पायाशी माझे फॉर्म.

कावीळ झाली होती का?
तीन महिन्यांत मलेरिया?
वर्षाच्या आत गोंदलं?
(एकाने हात मागे घेतला.
नाव अजून ओलं होतं, खपली न धरलेलं.)
शेवटचा प्रश्न मी मान खाली घालून विचारते
तेव्हा बाहेर अख्खं गाव गप्प होतं.
आडोसा काय, तर सरपंचबाईंची जुनी साडी, दोरीवर.

मग खेमराज नन्नावरे.
दंडारीत ढोलकीवर असतो. अकरा वेळा दिलंय.
गेल्या साली याचीच पिशवी तपासणीत बाजूला निघाली,
पिवळ्या डब्यात गेली.
तीन फोन केले आम्ही. नंबर भावाचा.
"कोन बोलते?"
ब्लड बँकेतून.
"आमचं तं खातंच नाही तुमच्या बँकेत."
भावाला पुढे काय सांगणार?

"लिहा ना मॅडम लवकर, धानात पानी पाहाले जाचं हाये."
बोटाला टोचलं.
थेंब निळ्या पाण्यात सोडला.
सरळ तळाला गेला, शहाण्या पोरासारखा.

आणि मी म्हटलं, मोठ्यानं, साडीपलीकडे जाईल असं,
हिमोग्लोबिन कमी आहे तुमचं. यंदा नाही.

बाहेर हसू फुटलं. "खेम्या, पालक खा बे!"
मीही हसले.
तो नाही.
तो बाटलीकडे बघत होता.
अकरा वेळा दिलेला माणूस,
थेंब बुडला की पास, हे त्याला
माझ्याइतकंच ठाऊक.

चिठ्ठीवर लिहिलं: गुरुवारी, जिल्हा रुग्णालय, खोली सात.
रोगाचं नाव तिथे लिहिलं नाही,
इथेही लिहीत नाही.
त्यानं न वाचता घडी केली, बंडीच्या आतल्या खिशात,
मग टेबलावरचा बिस्किटपुडा उचलला.
"हे तं भेटते ना, नाही देल्लं तरी?"

भेटते, म्हटलं.

वेशीबाहेर मारबत जळून गेली असेल एव्हाना.
साडी हलली. पुढचा आत आला,
बूट काढू का म्हणाला.
कावीळ झाली होती का?