जिवाणी

आत्ती पाणी गाळतात तेव्हा बोलत नाहीत.
घागरीच्या तोंडावर खादीचं दुहेरी फडकं,
मधे बोटभर खळगा,
धार बारीक.
शेवटी फडकं उलटं धरून
गाळलेल्याच पाण्यानं ते तांब्यात धुतात
आणि तांब्या घेऊन, अनवाणी,
परड्यातल्या विहिरीकडे जातात.
त्याला जिवाणी म्हणतात.
ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात परत.

आता पाणी नळाचं, वारणेचं, टाकीतनं आलेलं.
विहिरीवर ग्रामपंचायतीनं जाळी ठोकलीय.
तरी आत्ती जाळीवर वाकून तांब्या कलता करतात
सावकाश,
कुणाला लागू नये असा.

नवी होते तेव्हा हसले होते मी.
माझं बारावी सायन्स, तेही मिरजेत.
"फडक्यातनं आरपार जातात की ते, आत्ती.
एवढे बारीक असतात."
"जाऊ देत.
आपण आपल्या बाजूनं गाळावं."

श्रावणाच्या तोंडाशी गल्लीत कावीळ आली.
आधी मगदुमांचा थोरला,
मग शिकलगारांच्यात दोघं,
मग एका सकाळी दात घासता घासता
सन्मती आरशात बघत म्हणाली,
आई, माझे डोळे असे का?

ग्रामपंचायतीचा सिद्राम पेटी घेऊन आला.
चावीखाली काचेची नळी धरली,
बाटलीतनं थेंब सोडले,
नळी हलवली, उजेडाकडे केली.
"पिवळं व्हाया पायजे, वैनी."
नाही झालं.
पाणी तसंच राहिलं, नितळ,
अभिषेकाला चालेल असं.
नळीत यायचा तो पिवळा
माझ्या लेकीच्या डोळ्यांत येऊन बसला होता.

पाइप गटाराखाली फुटला होता.
टाकीतली पावडर संपून किती दिवस झाले
ते सिद्रामनं सांगितलं नाही.
मीही चारचौघांत विचारलं नाही.
घरी येऊन भूपालवर ओरडले.

त्या रात्रीपासून पातेलं.
खळखळून उकळी फुटली की घड्याळ बघायचं,
आणि सिलिंडर किती दिवस पुरेल
ते बघायचं नाही.
आत्ती पाटावर, बुडबुड्यांकडे डोळे लावून.
"किती असतील गं ह्यात?"
"कोण?"
"तेच. तुझे."

माझे झाले होते ते आता.
त्यांची जिवाणी, माझे जिवाणू.

"लाखानं असतील," मी म्हटलं.
त्यांचे ओठ हलत राहिले.
मला वाटलं, आता म्हणतील, बंद कर.
त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून,
आणि गॅस मोठा केला.
"मुनिमहाराज बी उकळलेलंच घेतात."
मला सांगितलं, का पातेल्याला,
कळलं नाही.

आता आमची वाटणी ठरलीय.
आधी त्या गाळतात.
वाचवता येतात तेवढ्यांना
विहिरीत पोचवून येतात.
उरलेले माझ्याकडे.

मग झाकण. झाकणावर अडकित्ता, मांजरासाठी.
लांब दांड्याचं ओगराळं खिळ्याला.
भूपालनं परवा तांब्या बुडवला
तर सन्मतीच ओरडली अंथरुणातनं,
"पप्पा, हात!"
अजून वरणभातावरच आहे पोरगी
पण आवाज परत आलाय.

काल सिद्राम पुन्हा आला.
नळी, थेंब, उजेड.
पाणी हळूहळू पिवळं झालं,
फिकट, शेवंतीच्या पाकळीच्या देठाइतकं.
आत्ती चष्मा पुसून जवळ आल्या.
"हळद लागली गं पाण्याला," म्हणाल्या.
सिद्राम हसला, वहीत काहीतरी लिहिलं,
नळी गटारात उलटी केली.

मीही हसले.
गॅस मात्र
बंद केला नाही.