पाण्यावरची रेघ

पहाटे साडेपाचला चांगदेवच्या घाटावर
सुपडू भोई नाव पुसत होता.
सात माणसं, सात जॅकेटं, त्यातलं एक बिनबकलाचं.
ते माझ्या वाट्याला आलं.
सुतळीनं पोटाला आवळून म्हणाला,
"तुम्ही काही बुडत नई, सायेब. वाळेल लाकूड हे."

एकतीस वर्षं मी मालगाडीचा गार्ड.
तापीच्या पुलावरून किती वेळा गेलो
याची नोंद भुसावळच्या कुठल्याच रजिस्टरात नाही.
शेवटच्या डब्यातून पाहिलेली नदी
म्हणजे मागं मागं जाणारी,
हिरवी बत्ती हलवेस्तोवर संपलेली.
आज पहिल्यांदा ती माझ्या कोपराला लागली.
गार. जरा शेवाळाची, जरा डिझेलची.

फेगडे मॅडमची नात विचारते,
"देवमासा दिसेल का?"
तिनं मोबाइलमध्ये पाहिलाय,
शेपटी आपटतो, नावेतली माणसं ओली होऊन ओरडतात.
सुपडू हसत नाही. वल्हं वर धरून ठिबकू देतो.
"आपल्या इकडे देव देवळात अन् मासा जाळ्यात, माय.
आपण पाणमांजर पाहाले चाललो.
दिसलं त दिसलं."

पूर्णा मातकट येते, तापी निळसर,
दोघींच्या मधली शिवण बराच वेळ उसवत नाही.
काठाला काळ्या मातीच्या उभ्या दरडी,
घळींत बाभळी, घळींत अंधार,
वर थेट कडेपर्यंत केळी,
जणू पाण्यात उडी घ्यायला रांगेत थांबलेल्या.
झोपे सर वहीत चक्रवाक लिहितात, बावीस,
मग खोडतात, चोवीस,
दोन उडाले तर पुन्हा बावीस.

मशीन बंद.
आता बोलायचं नाही, असं सुपडूनं बोटानं सांगितलं.

नाव आपोआप थोडी वळली.
दूर पुलावर गाडी आली.
रिकामी. भरलेली असती तर पूल असा खणखणला नसता.
जुनी सवय, ओठांतल्या ओठांत मोजत गेलो
आणि शेवटी तोंडून निघालंच,
"अठ्ठावन्न वाघिणी."
पोरगी ताडकन उठली. "कुठे?"
नाव हलली, सगळे हसले,
चक्रवाक उडाले, सरांची वही मिटली.

मग शांतता मोडलीच आहे म्हणून असेल,
सुपडू बोलायला लागला, पाण्याकडेच पाहत.
बाप त्यांना पाणकुत्रे म्हणायचा.
जाळी फाडायचे, मासे अर्धे खाऊन टाकायचे.
एक मादी सापडली, वल्ह्यानंच मारली.
तिचं पिल्लू तीन रात्री
वाळत घातलेल्या जाळ्याभोवती शीळ घालत फिरलं.
"चौथ्या राती नई आलं.
बाप तरी जागाच."
एवढंच. पुढे काही नाही.
हातातल्या वल्ह्याकडे कुणी बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.

माझ्या खिशात शिट्टी अजून असते.
मी तिच्यावर नुसती मूठ ठेवली.

आणि तेव्हाच, डाव्या अंगाला, लव्हाळ्याच्या पुढे,
एक रेघ.
वाऱ्याची नव्हे, वारा नव्हता.
टोकाशी काहीतरी काळं, ओलं, जांभळाएवढं,
आमच्याकडे वळलं, आम्हाला मोजलं,
आणि पाणी पुन्हा मिटलं.

घाटावर सुपडूचा नियम:
दोनशे रुपये, ज्याला दिसलं नाही त्याला पन्नास परत.
"दिसलं?"
झोपे सर खरे माणूस, त्यांनी पन्नास घेतले.
पोरगी म्हणाली दिसलं,
ती तर अजून पुलाकडे बघत वाघिणी शोधत होती.
माझ्यापाशी आला.
म्हटलं, "रेघ दिसली."
"मलेबी सा महिन्यांपासून तेवढीच दिसते," तो म्हणाला
आणि सुतळी सोडायला वाकला.

गाठ पाण्यानं फुगली होती, सुटेना.
त्यानं ती दातांनी तोडली.