शिकागोची झांकी

त्या वर्षी मिलची झांकी कशाची काढायची
यावर कमिटीत तीन रात्री चहा उकळला.
कालियामर्दन झालं होतं, भस्मासुर झाला होता,
शेजारच्या मिलने तर अख्खी लंका पेटवली होती,
खऱ्या धुरासकट.
मग फिटर खात्यातले आमचे अण्णा, यादवराव सोनटक्के,
खिशातून एक चोपडी काढून म्हणाले,
"शिकागो."

कोणीतरी विचारलं, हा कुठला राक्षस?

अण्णांना गोष्ट सांगता येत नसे.
मशीनचा बिघाड सांगावा तशी सांगितली:
मागणी आठ तासांची. सभा. अंधार. एक बॉम्ब,
कोणी टाकला ते आजवर ठाऊक नाही.
दोषी ठरवले आठ. फासावर चार.
रामदुलारे विणकर विडी विझवत बोलला,
"आठ घंटे माँगे, आठ आदमी ले लिए.
हिसाब तो बराबर है."

फासाला मात्र कमिटी नाही म्हणाली.
अनंत चतुर्दशीला फास?
दंडावर चौदा गाठींचा दोरा बांधून फिरायचं
आणि गाडीवर ती एकच गाठ दाखवायची?
तेव्हा ठरलं, दोर नको.
चार पुतळे नुसते उभे, पांढऱ्या पायघोळ झग्यांत,
आणि मागे गाडीच्या चाकाएवढं घड्याळ:
आठ तास लाल, आठ हिरवे, आठ पिवळे.
काटा केला मोडक्या मागाच्या पिकिंग स्टिकचा.

झग्यांना मांजरपाट आमच्याच मिलचं,
बावीस वार, पगारातून कापून.
आई शिवत होती. मी सुईत दोरा ओवत होते, आठ वर्षांची.
विचारलं, यांना खिसे का नाहीत?
आई म्हणाली, जातायत तिथे लागत नाहीत.

नरसिंग बाजारात मोटर तापली.
काटा लालमध्येच अडकला.
हबीबुल्लाचाचा घड्याळामागे चढले
आणि उजाडेपर्यंत हाताने फिरवत राहिले,
साडेनऊ तास.
ओव्हरटाइम कोणी मांडला नाही.

राजवाड्यापुढे एका म्हातारीने दहा पैसे वाहिले.
"कौन से देव हैं, भैया?"
अण्णांच्या हातात माइक होता. ते गोंधळले.
"मजूर हैं, माताजी," सगळ्या चौकाने ऐकलं.
तिने जोडलेले हात
तसेच ठेवले.

बक्षीस समुद्रमंथनाला गेलं.

पुढे मिल मिटली, भोंगा मिटला.
अण्णा मात्र शेवटपर्यंत
भोंग्याच्या वेळेला उठून बसत,
आणि काय करायचं ते न सुचून
डब्याला पडलेला पोचा बोटाने चाचपत.

आता सुपर कॉरिडॉरवर, काचेच्या इमारतीत,
माझी भाची मृदुला रात्रपाळी करते
शिकागोच्या घड्याळाने.
एक मेची सुटी मागितली तर पलीकडून
अगदी गोड आवाजात विचारलं, कशाची?
त्यांच्याकडे कामगारांचा दिवस सप्टेंबरात असतो.
म्हणजे आपल्या झांक्यांच्या दिवसांत, मी म्हटलं.
ती हसली नाही. झोप येत होती तिला.

अकरा तास भरून आली होती,
चपला न काढताच आडवी झाली.
बाहेर लख्ख सकाळ.
मी खिडकी लोटून घेतली
आणि अडसर म्हणून, रोजच्यासारखा,
अण्णांचा तो काटा लावला.