लुसियाची ताटली

एकतीस ऑक्टोबर. कासारवडवली, सी विंग.
लिफ्टमधून तीन सांगाडे उतरले, एक चेटकीण,
आणि मागून आमची रेनीटा:
पांढरा झगा, कमरेला माझी लाल ओढणी,
स्टीलच्या ताटलीत दोन उकडलेली अंडी,
बुबुळांच्या जागी काळे मनुके.
"मी संत लुसिया," दारोदार सांगत होती,
"डोळे काढले तरी तिला दिसायचं."
एक सांगाडा रडायलाच लागला.
कर्णिक काकूंनी चॉकलेटं मूठभर दिली
आणि दार जरा लवकर लावलं.

भोपळ्याला मी दात कोरले नाहीत.
क्रूस कोरला, तोही तिरका आला.
गराचे घारगे केले.
चौथा उचलताना बास्त्याव म्हणाला,
आतली मेणबत्ती उरली
तर परवा बाबांच्या कबरीवर नेऊ.

रात्री माळेच्या तिसऱ्या रहस्याला
पेंगता पेंगता तिनं विचारलं,
आजोबा आता भूत झालेत?
नाही गं. वाट बघतायत.
कुणाची?
मी मणी पुढे सरकवला.

झोपण्याआधी एक अंडं तिनं मीठ लावून खाल्लं.
दुसरं वाटीखाली झाकून ठेवलं.
"राहू दे," म्हणाली,
"आजोबांना अंधारात दिसायला हवं ना."