सहा कांड्या

बाहेर उणे एकावन्न.
गाईंच्या कासांना लोकरीच्या पिशव्या बांधल्यात.
याना नदी तळापर्यंत गप्प.
आणि स्पिरिदोन म्हातारा विचारतो,
"एवढी थंडी फुकट पडलेली असताना
ती टाकी कशाला ओढत फिरतेस, अगाफ्या?"

काय सांगू त्याला,
की टाकीतल्यांना ही थंडी म्हणजे
अंगाची लाही करणारी दुपार आहे.
आत उणे एकशे शहाण्णव.
डबी गळ्यापर्यंतच उचलायची,
आठ मोजायचे,
नववा ओठांवर यायच्या आत खाली सोडायची.

चुकलं तर काही दिसत नाही.
कांडी तशीच निळी, अक्षरं तशीच.
फक्त आत पाण्याचे कण किंचित सरकतात,
एकमेकांना धरतात,
त्यांच्या सुया होतात.
परत बुडवलं म्हणून सुया मोडत नाहीत.

बोरोंगला जाऊन अकरा वर्षं झाली.
बुटका, धुरकट रंगाचा, पाठीवर पांढरा पट्टा,
भुकेच्या हिवाळ्यात झाडाची साल खाऊन तगलेला वळू.
फेवरोन्याने त्याचं रेत धरलं,
अंड्याच्या बलकात घोळवलं,
ग्लिसरीन थेंबाथेंबाने,
चार तास हळूहळू निववलं,
झोपेत असलेल्या पोराच्या अंगावर
गोधडी ओढावी तसं.
वहीत लिहिलं : एकशे वीस.

मग दरवर्षी तपासणी आली.
दरवर्षी साहेबाला दाखवायला डबी वर.
साहेबांना चष्मा शोधायला वेळ लागायचा.

औषधाने नाही, रोगाने नाही,
आपल्या बघण्यानेच किती मेले असतील.

मागच्या शरदात सात उरल्या होत्या.
जिवंत आहेत का, हे कळायला
एक वितळवावी लागते,
आणि ती गेली.
मी वितळवली.
भिंगाखाली शंभरातले एकतीस सरळ पोहत होते,
काही स्वतःभोवती गोल,
काहींची नुसती शेपूट थरथरत होती,
दारात उभं राहून
आत जायचं विसरलेल्या माणसासारखी.

नियम म्हणतो, चाळिसाच्या खाली टाकून द्या.
मी वहीत एकतीस लिहिलं.
खोडलं नाही.
टाकलंही नाही.

आज पहाटेपासून मंगास हंबरतेय.
माजावर आलीय, सोट स्वच्छ, काचेसारखा.
गावात या जातीच्या गाई आता चारच,
त्यातली हीच अजून फळेल अशी.

थर्मासमध्ये सदतीस अंश पाणी.
चिमट्याने कांडी काढते नि एका झटक्यात पाण्यात.
इतकी वर्षं हळूहळू निववलेलं
आता भराभर जागं करायचं,
मध्ये रेंगाळलं की सुया.
स्पिरिदोनची नात मोजते,
दहाच्या पुढे अडखळते, परत सावरते.
चाळीस.
पुसून कोरडी, पाण्याचा एक थेंबही नको,
तो थेंब विषासारखा.
टोक कापलं, नळी तळव्यात चोळून ऊबदार केली,
कोटाच्या आत, बंडीच्याही आत,
थेट कातडीला लावली.

घरापासून गोठा सव्वीस पावलं.
मी धावले.
पापण्या चिकटल्या, तरी धावले.
अकरा वर्षांपूर्वीचा वळू छातीशी धरून
मी, बावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई.

गोठ्यात शेणाची वाफ.
डावा हात कोपरापर्यंत आत,
गर्भाशयाचं तोंड चाचपडून सापडलं,
कोंबडीच्या मानेएवढं, घट्ट.
सावकाश. पाचपर्यंत मोजत सोडलं.
मंगासने एकदा मागे वळून पाहिलं
आणि वैरणीत तोंड घातलं.

एकवीस दिवसांनी कळेल,
उलटली की ठरली.

परत येऊन टाकीत लाकडी पट्टी घातली.
दव चढलं जेमतेम चार बोटं.
नायट्रोजनची लॉरी नदीच्या बर्फावरून निघाली म्हणतात,
परवा निघाली म्हणतात.
पाच.

स्पिरिदोन चहात दूध ओततो, टाकीबद्दल पुन्हा विचारत नाही.
नात अजून मोजतेच आहे,
तीनशे सहा, तीनशे सात.
थांब म्हणायला माझी जीभ वळत नाही.