पुंजाबाईचा धुरा

अडाण नदीला उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी.
तिच्या काठची सुईण
समुद्रावर बाळंतपण करून आली,
हे कोणाला खरं वाटावं?

पण जिनवाल्या ठक्करांची झवेरबेन पोटुशी,
नवरा झांजिबारला,
आणि सासऱ्याचं स्वतःचं गलबत कच्छच्या मांडवीहून सुटणारं.
घरचं शीड असताना आगबोटीचं भाडं कोण भरतो?
म्हणून पुंजाबाई.
महिन्याचे सात रुपये, दोन लुगडी,
आणि परत आणून सोडायचा शब्द.
पहिली लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा.

"पानी पाह्यलं अन् मले वाटलं,
एवढ्या मोठ्या वावराले धुराच नाही बाप्पा!"

बाया सुकाणूखालच्या खोपटात, तरटाच्या पडद्याआड.
या दोघी, एक खोजा म्हातारी, तिची शेळी.
बसायला जायचं तर काठाबाहेर टांगलेली लाकडी पेटी,
खाली उघडा दर्या.
"लाज तं तिथंच बुडाली," म्हणायची,
आणि निंदताना खुरपं थांबवून हसायची.

अंथरूण कापडाच्या गाठींवर.
एका रात्री तिनं गाठीची शिवण उसवून वास घेतला.
खळीचा होता. सरकीचा नव्हता.
कापूस कुठला, कसं कळणार?
तरी त्याच गाठीला पाठ लावून झोपली.

एकोणिसाव्या रात्री वारा पडला.
शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबलेलं,
झवेरबेनला कळा.
खलाशांनी पडद्याकडे पाठी केल्या.
म्हातारीनं कंदील धरला, शेळी ओरडत राहिली.
पोरगी. पायाळू.

वार दर्यात सोडली.
नाळेचा तुकडा हातात घेऊन मात्र
पुंजाबाई पहिल्यांदा घाबरली.
पुरायचा कुठं?
नाखवा म्हणाला, टाक तोही.
"दर्या काय कोनाची जागा हाये?
उद्या पोरगी पुसन, मी कुठची, तं काय सांगावं?"

तपकिरीच्या डबीत, मिठात घालून
लवंगांच्या पोत्यांसोबत तिनं तो परत आणला,
आणि आमच्या धुऱ्यावर, पळसाखाली पुरला.
पोरीचं नाव काय ठेवलं,
तिला कधीच कळलं नाही.

आता ट्रॅक्टर आहे. पळस वठून गेला.
तरी माझा भाऊ तिथं आला की
दोन हात जागा सोडून वळवतो.
त्याला पुंजाबाई आठवत नाही,
समुद्र त्यानं पाहिलेला नाही.
का सोडतो, विचारलं तर म्हणाला,
"कोनाची तरी हाये थे."